घरांतील गूढपुरुष

गेल्या महिन्यांत या सदरांत पावसाळ्यापूर्वीं घराची डागडुजी कशी करावी, याविषयीं चार शब्द लिहिले होते. आज ज्या गळतीसंबंधीं लिहावयाचें आहे ती छपरांतून होत नाहीं, भिंतीला ओल आणीत नाहीं आणि म्हणूनच पुष्कळ दिवस कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. घरांत सर्वांच्या उपयोगाचा जो संगणक असतो, त्यांत शिरून बसणाऱ्या विषाणूंचा आणि हेर-प्रोग्रॅमांचा हा विषय आहे. मी जुन्या अकरावीपर्यंत शिकलेला, सारें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत घालविलेला मनुष्य. या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार काय, असें कोणी विचारील. माझा अधिकार एवढाच कीं, आमच्या घरांत तो चोर मीं स्वतः दार उघडून आंत घेतला, आणि त्याची शिक्षा भलत्यालाच भोगावयास लाविली. ती हकीकत आधीं सांगतों.

आमचें कुटुंब नारायण पेठेंत राहतें. जुना वाडा जाऊन तेथें इमारत उभी राहिली. परंतु आम्ही दोघे भाऊ, मुलें, सुना व नातवंडें मिळून नऊ माणसें अजून एकत्रच आहों. मधल्या खोलींत एक संगणक आहे. सकाळीं वडील चिरंजीव त्यावर बँकेचीं कामें करितात, दुपारीं धाकटी सूनबाई सोसायटीचे हिशेब लिहिते, संध्याकाळीं नातू अभ्यास करितो, आणि मधल्या रिकाम्या वेळांत अमरकोशावरील माझीं टिपणें चालतात. गेल्या वर्षीं मला देवनागरी टंकलेखनासाठीं एखादा सोपा, फुकट प्रोग्रॅम हवा होता. इंटरनेटवर शोधतां शोधतां एक पान उघडलें. त्यावर ‘डाउनलोड’ असें लिहिलेलीं तीन हिरवीं बटणें होतीं. सर्वांत मोठें असेल तेंच खरें, अशी समजूत करून घेऊन मीं तें दाबलें. ‘या प्रोग्रॅमला आपल्या संगणकांत बदल करूं द्यावयाचे काय?’ असें यंत्रानें विचारलें. मीं ‘होय’ म्हटलें. पुढें आणखी चारपांच प्रश्न आले. ते न वाचतां प्रत्येक वेळीं ‘पुढें’ दाबीत गेलों. टंकलेखनाचा प्रोग्रॅम कांहीं हातीं लागला नाहीं. कंटाळून उठलों आणि ती गोष्ट विसरून गेलों.

पंधरा दिवसांत संगणक गोगलगाईसारखा चालूं लागला. ब्राउझर उघडावा तों भलतेंच पान पुढें येई. कोपऱ्याकोपऱ्यांतून जाहिराती डोकावत. नातवाला खेळांचा नाद आहे, हें घरांत सर्वांस ठाऊक. मीं कसलीहि चौकशी न करितां त्यालाच दोषी ठरविलें, सर्वांच्या देखत त्याला रागें भरलों, आणि पुन्हां संगणकाला हात लावावयाचा नाहीं अशी ताकीद दिली. ‘आजोबा, मीं कांहीं केलें नाहीं,’ असें तो दोनदां म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला नाहीं.

त्यानंतर एके सकाळीं सूनबाईच्या मामांचा फोन आला. ‘पैसे पोंचले ना? आणि आतां प्रकृति कशी आहे?’ असें ते विचारूं लागले. आठ दिवसांपूर्वीं तिच्या ई-मेलवरून त्यांना पत्र गेलें होतें कीं, मी रुग्णालयांत आहें, बोलतां येत नाहीं म्हणून फोन करूं नका, दहा हजार रुपये सोबतच्या खात्यावर तत्काल पाठवा. भाचीच्या मायेनें मामांनीं ते त्याच दिवशीं पाठविले. सूनबाईनें असें पत्र लिहिलेंच नव्हतें! तक्रार केली, परंतु मधें गेलेल्या आठ दिवसांत रक्कम त्या खात्यांतून निघून गेली होती. मग संगणक तपासण्यासाठीं माझा एक जुना विद्यार्थी आला. ब्राउझरमध्यें जपून ठेवलेले सूनबाईचे पासवर्ड एका हेर-प्रोग्रॅमनें उचलले होते, असें त्याच्या ध्यानांत आलें. त्या प्रोग्रॅमच्या फाइलींवरची तारीख व वेळ त्यानें आम्हांला दाखविली. मंगळवार होता, आणि सकाळचे अकरा वाजले होते. नातू त्या वेळीं शाळेंत होता. संगणकापुढें कोण बसलें होतें, हें कोणीं बोलून दाखविलें नाहीं. तशी जरूरहि नव्हती.

हा हेर घरांत येतो कसा, हें समजण्यास आपल्या जुन्या ग्रंथांचीच मला मदत झाली. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत गूढपुरुषांचे प्रकार सांगितले आहेत. कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक, तापस हे त्यांपैकीं होत. कोणी विद्यार्थ्याच्या रूपानें वावरतो, कोणी गृहस्थाच्या, कोणी व्यापाऱ्याच्या, तर कोणी तपस्व्याच्या. हेर हेराच्या वेषांत येत नाहीं, हें त्यांतलें मर्म. संगणकांतला हेरहि फुकट पंचांग, फुकट चित्रपट किंवा संगणक ‘स्वच्छ’ करून देणारें साधन अशा रूपानें येतो. आंत आल्यावर आपण कोणतीं अक्षरें दाबतों तें टिपून ठेवावें, जपलेले पासवर्ड गोळा करावे, आणि सारें इंटरनेटवरून आपल्या धन्याकडे पोंचवावें, हा त्याचा उद्योग. विषाणूचा स्वभाव थोडा निराळा. तो दुसऱ्या फाइलीला चिकटतो, स्वतःच्या प्रती काढतो आणि एका यंत्रांतून दुसऱ्या यंत्रांत जातो. चांगल्या वस्तूचें सोंग घेऊन येणाऱ्या तिसऱ्या जातीला ग्रीक कथेंतील लाकडी घोड्यावरून ‘ट्रोजन’ म्हणतात. आपल्याकडे उज्जयिनीच्या प्रद्योतानें वत्सराज उदयनाला पकडण्यासाठीं खोटा हत्ती रानांत उभा केल्याची कथा प्रसिद्धच आहे. उदयनाला हत्ती धरण्याचा छंद होता, म्हणून आमिष हत्तीचें. मला देवनागरी टंकलेखनाचा छंद होता.

या उपद्रवाचा इतिहास लहान असला तरी मनोरंजक आहे. १९८६ सालीं लाहोर येथील दोन भावांनीं ‘ब्रेन’ नांवाचा विषाणु लिहिला. तो फ्लॉपीच्या चकतीवरून पसरे, आणि त्यांत त्या भावांचीं नांवें, पत्ता व दूरध्वनीचा क्रमांकहि लिहिलेला असे. आतांचे चोर नांव मागें ठेवीत नाहींत. पुढें असले विषाणु फ्लॉप्यांबरोबर आपल्या पुण्यासहि आले, आणि त्यांवर औषध शोधणारेहि दोघे भाऊच निघाले. सातारा जिल्ह्यांतील रहिमतपूरचे कैलास काटकर यांनीं दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यांत कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्याचें काम धरलें होतें. धाकटे बंधु संजय हे मॉडर्न महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकत होते. दुकानांत दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांत वारंवार विषाणु सांपडूं लागले, तेव्हां ते काढण्याचे प्रोग्रॅम धाकट्या भावानें लिहिले; त्यांतूनच १९९० नंतरच्या दशकांत ‘क्विक हील’ हा अँटीव्हायरस तयार झाला. कोणत्याहि मालाची शिफारस करावी, हा येथें हेतु नाहीं. एका भावाची अडचण आणि दुसऱ्याची विद्या एका घरांत असली म्हणजे काय होऊं शकतें, हें एकत्र कुटुंबांतल्या वाचकांनीं पाहावें, एवढेंच.

परंतु याच शहरांत दुसरेंहि एक उदाहरण घडलें आहे. १९०६ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्यें मोठा हल्ला झाला. एटीएममध्यें कार्ड घातलें म्हणजे ‘पैसे द्यावे काय?’ असा प्रश्न बँकेच्या संगणकाकडे जातो, आणि तो खातें पाहून होय किंवा नाहीं असें उत्तर देतो. हल्लेखोरांनीं विषारी प्रोग्रॅमच्या साहाय्यानें या वाटेवर एक खोटा मध्यस्थ उभा केला. प्रश्न बँकेपर्यंत पोंचण्याच्या आधींच तो परस्पर ‘होय’ म्हणे. ११ ऑगस्ट रोजीं अशा रीतीनें २८ देशांतून सुमारें १२,००० व्यवहारांत ७८ कोटि रुपये, आणि भारतांत अडीच कोटि रुपये काढले गेले. १३ ऑगस्ट रोजीं आणखी १३ कोटि ९२ लक्ष रुपये हाँगकाँगमधील एका खात्याकडे वळविण्यांत आले. एकूण रक्कम ९४ कोटि ४२ लक्ष. ग्राहकांच्या ठेवी सुरक्षित असल्याचें बँकेनें जाहीर केलें, आणि एप्रिल २०२३ मध्यें पुण्याच्या न्यायालयानें ११ जणांना दोषी ठरविलें. हें सर्व वाचतांना माझ्या मनांत एकच शब्द घोळत राहिला. तेथें खोटा मध्यस्थ विचार न करितां ‘होय’ म्हणत होता. माझ्या घरीं तेंच काम मीं केलें होतें.

आतां उपायांकडे वळूं. त्या विद्यार्थ्यानें जे सांगितले आणि आम्हीं घरीं अमलांत आणले, तेवढेच लिहितों.

पहिला उपाय ‘होय’ म्हणण्याचा अधिकार मर्यादित करण्याचा. विंडोजमध्यें प्रत्येकाचें खातें निराळें काढतां येतें. नवे प्रोग्रॅम बसविण्याचा अधिकार असलेलें खातें एकच ठेवावें आणि त्याचा पासवर्ड घरांतील एका जाणत्या माणसाजवळ असावा. बाकीच्यांचीं खातीं साधीं ठेवावीं. आमच्या घरीं तो मान धाकट्या सूनबाईकडे आहे, आणि मला साधें खातें मिळालें आहे. नवा प्रोग्रॅम हवा असेल तर तिला विचारावें लागतें. ती ज्यानें तो प्रोग्रॅम बनविला त्याच्याच अधिकृत ठिकाणाहून उतरवून घेते. चार दमड्या वांचविण्यासाठीं कुलूप तोडलेले, चोरून वांटलेले प्रोग्रॅम घेऊं नयेत. तो चोरीचा माल असतो हें एक, आणि तो देणारा आपल्यावर उपकार करण्यासाठीं बसलेला नसतो हें दुसरें.

दुसरा उपाय अपडेट. नलाच्या आख्यानांत कलि बारा वर्षें नलाचें छिद्र शोधीत होता; शेवटीं एके दिवशीं पाय न धुतां नल संध्येस बसला आणि तेवढ्या उणीवेंतून कलि आंत शिरला. संगणकाच्या यंत्रणेंतहि अशा उणीवा निघतात, आणि बनविणारे त्या बुजविण्यासाठीं वेळोवेळीं दुरुस्त्या पाठवितात. विंडोजमधील एका छिद्रावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें मार्च २०१७ मध्यें दिली होती. ज्यांनीं ती बसविली नाहीं त्यांच्या यंत्रांत त्याच वर्षीं १२ मे रोजीं ‘वॉनाक्राय’ शिरला, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागूं लागला, आणि दीडशें देशांत त्याचा संचार झाला; इंग्लंडांतील रुग्णालयांचीं कामें अडलीं. औषध दोन महिने दाराशीं उभें होतें! म्हणून ‘अपडेट’ची सूचना आली कीं ‘नंतर’ म्हणूं नये. ज्यांच्या घरीं अद्याप विंडोज १० आहे त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, त्याला नेहमीच्या मोफत दुरुस्त्या देणें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद झालें आहे.

तिसरा उपाय पहारेकऱ्याचा, म्हणजे अँटीव्हायरसचा. विंडोजमध्यें डिफेंडर नांवाचा पहारेकरी मुळांतच असतो. विकतचा घ्यावयाचा तर तोहि एकच घ्यावा, कारण दोन पहारेकरी एका दारावर एकमेकांशींच भांडतात. आठवड्यांतून एकदां संपूर्ण तपासणी करावी. बाहेर झेरॉक्सच्या दुकानांतून छपाई करून आणलेला पेन ड्राइव्ह तपासल्यावांचून उघडूं नये. तो दहा यंत्रांतून फिरून आलेला असतो. भारत सरकारनें २०१७ सालीं सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राचीं तपासणीचीं साधनेंहि मोफत आहेत. मात्र पडद्यावर एकाएकीं लाल चौकट येऊन ‘तुमच्या संगणकांत पांच विषाणु आहेत, अमुक क्रमांकावर फोन करा’ असें सांगूं लागली, तर ती चौकटच ठग समजावी. फोन करूं नये, चौकटींतील बटणास हात लावूं नये. ब्राउझर बंद करावा, तो होत नसेल तर यंत्रच बंद करावें.

चौथा उपाय पासवर्डाचा. सर्वांच्या संगणकांतील ब्राउझरमध्यें पासवर्ड जपून ठेवूं नयेत. ई-मेलचा पासवर्ड बँकेच्या पासवर्डाहून वेगळा असावा, आणि पासवर्डानंतर मोबाइलवर दुसरी खूण मागणारी व्यवस्था चालू करावी. ती आमच्याकडे असती, तर चोरलेला पासवर्ड हातीं असूनहि त्या लबाडास सूनबाईचें नांव घेऊन पत्र पाठवितां येणें कठीण गेलें असतें.

पांचवा उपाय प्रतींचा. महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं आपल्या भांडारकर संस्थेनें पूर्ण केली, त्यासाठीं बाराशेंहून अधिक हस्तलिखितें तपासलीं गेलीं. ठिकठिकाणच्या लेखकांनीं प्रती करून ठेवल्या नसत्या तर संशोधकांनीं ताडून पाहावयाचें तरी काय? तेव्हां फोटो, कागदपत्रें आणि हिशेब यांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावी, आणि काम होतांच ती डिस्क संगणकापासून काढून कपाटांत ठेवावी. जोडलेलीच राहिली, तर खंडणीखोर प्रोग्रॅम मूळ आणि प्रत दोन्ही एकदमच कुलूपबंद करितो.

इतकें करूनहि चूक होईल. तेव्हां प्रथम इंटरनेटची जोडणी तोडावी. मग दुसऱ्या, निर्दोष यंत्रावरून पासवर्ड बदलावे. पैसे गेले असल्यास बँकेला कळवावें आणि १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी. रक्कम चोराच्या हातीं पडण्यापूर्वीं अडविण्याची आशा पहिल्या कांहीं तासांतच असते. खंडणी मागितली तर देऊं नये. दिल्यानें फाइली परत मिळतीलच असा भरंवसा नाहीं.

या सर्व उपायांच्या मुळाशीं मात्र एक गोष्ट आहे, ती कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं. आमच्या घरांत तो हेर इतके दिवस निर्धास्त राहिला, तो कां? मामांना पत्र पाहून शंका आली होती. पण आजारी भाचीच्या पैशांविषयीं विचारणें बरें दिसणार नाहीं, म्हणून ते आठ दिवस गप्प राहिले. सूनबाईला ई-मेलांत कांहीं अनोळखी खुणा दिसल्या होत्या. आपलेंच कांहीं चुकलें असेल, या संकोचानें ती बोलली नाहीं. नातू बोलला, तर मीं त्याचें ऐकून घेतलें नाहीं. आणि मीं स्वतः तें बटण दाबल्याचें मला आठवलें, तें तारीख समोर आल्यावर! मोठ्या कुटुंबांत रागाचा आणि लाजेचा धाक असतो, आणि चोराला वेळ मिळतो तो याच धाकामुळें. जो चुकला तो लपवितो. जो लपवितो तो एकटा पडतो. आणि एकट्या माणसाला लुटणें फार सोपें.

मामांचे दहा हजार रुपये मीं माझ्या निवृत्तिवेतनांतून परत केले. तें सोपें होतें. नातवाची क्षमा मागणें अवघड गेलें. पण ज्यांच्या देखत रागें भरलों त्यांच्याच देखत तीहि मागितली. त्या दिवसापासून आमच्या घरीं एक नियम आहे. ज्याच्या हातून चुकीचें बटण दाबलें जाईल त्यानें तत्क्षणीं सांगावें, आणि सांगणाऱ्यावर कोणींहि रागावूं नये.

गेल्या आठवड्यांत नातू धांवत स्वयंपाकघरांत आला. ‘आजोबा, मीं एका पत्रांतली फाइल उघडली, आणि ती मला बरी वाटत नाहीं,’ असें म्हणाला. इंटरनेटची जोडणी त्यानें आधींच तोडली होती. सूनबाईनें तपासणी लाविली. पहारेकऱ्यानें ती फाइल पकडून बाजूस ठेविली होती, आणि कांहीं गेलें नव्हतें. मी रागावलों नाहीं. चाळीस वर्षांची सवय मोडावयाची म्हणजे थोडें जड जातें, परंतु जमलें.

वाचकांनीं आज रात्रीं जेवणें झाल्यावर आपापल्या घरीं हा विषय अवश्य काढावा, आणि घरांतल्या सर्वांत वडील माणसानें आपली एखादी चूक आधीं सांगून सुरुवात करावी. पुढलें बोलणें आपोआप होईल.